पाखरांची हजेरी

खोली दाखवायच्या आधी चाचांनी मला एकच प्रश्न विचारला, "सकाळी कवा उठती?"

त्याआधी तीन घरमालकांनी आडनाव विचारलं होतं, आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते मला कळेना. माझे वडील ट्रंक घेऊन मागे उभे होते. त्यांनीच सांगितलं, पाचला उठते. चाचा म्हणाले, चालेल, पण उठल्यावर मागचं दार आपटायचं नाही आणि परसात रेडिओ लावायचा नाही. एवढ्यावर खोली मिळाली.

लातूरला तेव्हा क्लासचं वारं नुकतं सुरू झालं होतं. दहावीत बरे मार्क पडलेली पोरं कंधारहून, चाकूरहून, पार नांदेडहून ट्रंक आणि गादी घेऊन एसटीतून उतरायची. ज्याच्या घरात एक खोली जादा होती तो घरमालक झाला होता. चाचांकडे दोन खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही चार मुली. मी कंधारची, अकरावी सायन्स. चाचांचं गंजगोलाईच्या बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर तिथे बसत. पण त्यांचं खरं काम दुकान उघडायच्या आधी होऊन जाई, घराच्या मागे.

मागचा परस मोठा नव्हता. एक लिंबोणी, एक शेवगा, मेंदीचं कुंपण, कपडे वाळत घालायची तार, आणि एक जुनी दगडी भिंत. भिंतीतला एक दगड कधीतरी निखळून पडला होता, आणि त्या भोकात दरवर्षी दयाळ पक्षी घरटं करायचा. चाचा त्याला दहियल म्हणत. पहाटेची फजरची नमाज झाली की ते परसातल्या बाजेवर येऊन बसत. मांडीवर शाळेत मुलांच्या हजेरीचा असतो तसला लांबडा कॅटलॉग. मुलांच्या नावांच्या जागी पाखरांची नावं. एक नंबर दहियल, दोन नंबर बुलबुल, तीन नंबर दर्जी, म्हणजे शिंपी पक्षी, चार नंबर शकरखोरा, म्हणजे शिंजीर, आणि पाच नंबर मुनिया. पुढे एक ते एकतीस तारखांचे रकाने.

हजेरी घ्यायची पद्धत ठरलेली होती. पक्षी गायला तर रकान्यात वेळ लिहायची, मिनिटासकट. दिसला पण गायला नाही, तर 'गप्प'. दिसलाच नाही, तर 'नाही'. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही.

आम्ही मुली हसायचो. जो आलाच नाही त्याच्यासाठी शाई कशाला घालवायची, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "जो न्हाई आला, त्याची बी हजेरी असते बेटा. रिकामं ठेवलं तर उद्या कोण बी काय बी भरील."

चाची आतून म्हणाल्या, "पाखरांची हजेरी घ्यायला लई वेळ. तीस वर्षं झाली, माझी कवा घेतली न्हाई."

"तू कवा गप्पच बसली न्हाई, काय लिहू?" चाचा म्हणाले.

पाखरं ओळखायला त्यांनी मला शिकवलं, पण शिकवतोय असं कधी दाखवलं नाही. सकाळी मी ब्रश घेऊन परसात आले की म्हणत, डोळे मीट आणि कोण बोलून राहिलं ते सांग. आधी कान, मग डोळे, हा त्यांचा नियम. शिंपी पक्षी अंगठ्याएवढा, पण आवाज असा की कुणीतरी कात्री जोरजोरात उघडमीट करतंय. शिंजिराची मादी रंगानं साधी, तिला पाहून मी दोनदा फसले. तिची चोच बाकदार असते आणि शिंप्याची शेपटी वर उभी असते, एवढं लक्षात ठेवायचं. बुलबुलाच्या बुडाखाली लाल डाग. नर दयाळ काळा-पांढरा, नीटनेटका, शेपूट ताठ, टीव्हीच्या अँटेनावर बसलेला. दोन महिन्यांत मी पाचही जणांना न बघता ओळखू लागले. क्लासमधल्या सूत्रांपेक्षा ते लवकर जमलं.

त्यांच्या काही नियमांचा आम्हाला त्रास होई. श्रावणात शिंजिरानं कपड्यांच्या तारेवर घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, पानांचे तुकडे, सालीचे कपचे असं काहीबाही चिकटवून केलेली लोंबती पिशवी. चाचांनी लगेच तारेच्या दोन्ही टोकांना पुठ्ठे अडकवले, त्यांवर लिहिलं, 'तार बंद आहे.' महिनाभर आमचे कपडे रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत होते. एका मुलीचे वडील भेटायला आले, पोरींचे कपडे असे चव्हाट्यावर का म्हणून रागावले. चाचांनी त्यांना हाताला धरून मागे नेलं आणि घरटं दाखवलं. पिशवीच्या भोकातून मादीची चोच तेवढी बाहेर होती. ते गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले, किती दिवस लागतील? चाचांनी सांगितलं, चौदा. त्यांनी पुढच्या खेपेला मुलीसाठी दोन जादा ड्रेस आणून दिले.

पाखरांच्या कामात मात्र चाचा हात घालत नसत. मेंदीत बुलबुलाची तीन पिल्लं होती, तिथे भारद्वाज येऊन बसला. आम्ही ओरडलो, चाचा जागचे हलले नाहीत. आपण हजेरी घेणारे, हेडमास्तर न्हाई, असं त्यांचं म्हणणं. शेवटी चाची झाडू घेऊन धावल्या. त्या दिवशीच्या शेऱ्यात चाचांनी लिहिलं, 'भारद्वाज आला. बेगमनं हाकलला. पिल्लं तीन.'

घड्याळांबद्दलही त्यांचं एक वाक्य होतं. दुकानात कुणी बंद पडलेलं घड्याळ आणलं की ते म्हणत, बंद घड्याळ कुणाला फसवत न्हाई, पुढं पळणारं फसवते. मी ते तेव्हा नुसतं ऐकलं.

भादव्यात चाचांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नांदेडला त्यांच्या मेव्हण्याकडे आठवडाभर राहायचं होतं. जाताना त्यांनी कॅटलॉग माझ्या हातात दिला. चौघींत मीच वेळेवर उठणारी आणि वह्या नीट ठेवणारी, म्हणून. सात दिवस, पाच पाखरं, पस्तीस रकाने. मी म्हटलं, काळजी करू नका.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. त्या आठवड्यात क्लासनं फिजिक्सची जादा बॅच पहाटे पाचची केली. मी परत येई तेव्हा साडेसात वाजलेले असत. उद्या बघू म्हणत शनिवार आला, आणि रविवारी दुपारी मी सातही दिवसांचे पस्तीस रकाने एका बैठकीत भरले. कॉलेजात प्रयोगवहीत आम्ही रीडिंग टाकायचो तसंच. दयाळासमोर सहा वाजून पाच, सहा वाजून दोन, सहा वाजून सात. सगळ्या वेळा सारख्या आल्या तर संशय येतो, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मिनिटं मागेपुढे केली. 'गप्प' आणि 'नाही' मी कुठेच लिहिलं नाही, आधीच्या रकान्यांत काय आहे तेही पाहिलं नाही. चाचा इतक्या दिवसांनी येणार, तर पाखरं गायलेली बरी, असा माझा विचार.

सोमवारी पहाटेच चाचा परत आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, वर हिरवं कापड. डावा डोळा आधीच अधू, त्यामुळे वाचणं बंद. त्याच सकाळपासून बाजेवर बसून ते ऐकत, डाव्या डोळ्याला दिसेल तेवढं बघत आणि मी शेजारी उभी राहून लिही.

"दहियल, गप्प," ते म्हणत. बुधवारी म्हणाले, "दहियल, न्हाई." मधले दिवस नीट लिहिले ना, असं त्यांनी एकदा विचारलं. मी हो म्हणाले. सोमवारच्या रकान्यात त्यांनी सांगितलं म्हणून मी 'गप्प' लिहिलं होतं. ते सांगतील ते मी आता अचूक लिहीत होते.

गुरुवारी पहाटे भूकंप झाला.

लातूर शहर हललं, आमच्या घराला तडे गेले, पण घर उभं राहिलं. औशाच्या पलीकडची गावं राहिली नाहीत. ते सगळं पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. माझे वडील दुसऱ्या दिवशी आले आणि मला कंधारला घेऊन गेले. गल्लीतले लोक घरात झोपायला तयार नव्हते. चाचांचा परस मोकळा आणि वर छप्पर नाही, म्हणून सात-आठ घरं तिथेच अंथरुणं टाकून राहिली. त्यांत आमची डब्याची मावशी होती.

मावशी गल्लीतल्या पंचवीस पोरापोरींना डबे द्यायची. तिची धाकटी लेक त्या पट्ट्यातल्या एका गावात दिली होती. महालक्ष्म्यांना ती माहेरी आली होती. अजून चार दिवस राहते म्हणत होती. मावशीनंच, सासरचे नाव ठेवतील म्हणून, सोमवारी तिला एसटीत बसवलं. गुरुवारी ती गेली.

पुढचं मला चाचींनी सांगितलं, पंधरा दिवसांनी मी परत आले तेव्हा. कॅटलॉग मागच्या दाराशी फळीवर असायचा. परसात मुक्कामाला असताना मावशीनं एक दिवस तो उघडला. तिला वाचता येत होतं. डब्यांचा हिशोब ती वहीत ठेवायची. एक नंबरच्या ओळीवर तिनं भूकंपाआधीच्या आठवड्यापासून बोट फिरवलं. रविवारपर्यंत रोज वेळ लिहिलेली. सोमवारी गप्प. मंगळवारी गप्प. बुधवारी नाही. गुरुवारी भूकंप.

ती कॅटलॉग घेऊन चाचांसमोर उभी राहिली. म्हणाली, "पाखरानं सोमवारी तोंड मिटलं, चाचा. अन् म्या सोमवारीच लेकीला येष्टीत बसवलं. तुम्ही सांगितलं असतं तर ठिवून घेतली असती."

चाचा म्हणाले, भादव्यात दहियल गातच नाही, काहीतरी चूक आहे. पण लिहिलेलं समोर होतं आणि त्यांना ते वाचता येत नव्हतं. गोष्ट गल्लीत पसरली. दुरून लोक कॅटलॉग बघायला येऊ लागले. म्हाताऱ्याला सगळं आधीच कळलं होतं, असं कुणी कौतुकानं म्हणे, कुणी रागानं. दुकानात एकानं पुढच्या धक्क्याची तारीख विचारली. चाचा सगळ्यांना एकच सांगत, पाखरू काही बोललं नव्हतं. लोकांना वाटलं, आपली चूक झाकतोय. मावशीनं चाचांच्या घराचा डबा बंद केला.

मी ट्रंक ठेवली आणि परसात गेले. चाचांची पट्टी निघाली होती. बऱ्या झालेल्या डोळ्याला दुकानातलं भिंग लावून ते त्या पानावर वाकले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "बेटा, हे सात दिवस तू कोणता पक्षी ऐकला?"

मी फळीवरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"गप्प," ते म्हणाले, रोज सकाळी म्हणायचे अगदी तसं.

मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. पावसाळ्याच्या शेवटी दयाळाची पोरं मोठी झालेली असतात, जुने पंख गळून नवे येत असतात, तेव्हा तो गाऊन कशाला जीव धोक्यात घालील. शिमग्यापर्यंत तो चुपच असतो, दरवर्षी. मी खाली मान घालून म्हटलं, मी गल्लीत सगळ्यांना सांगते, तुमचं नाव खराब झालं.

"माझं सोड," ते म्हणाले. "ती बाई रोज सोताला मारून राहिली. माझं सांगून झालं, तिला पटलं न्हाई. आता ज्यानं लिहिलं त्यानं सांगावं."

मला यादी करायची सवय तेव्हाही होती. मावशी काय करील, याच्या मी तीन शक्यता धरल्या. एक, शिव्या देईल. दोन, वडिलांना कळवील, आणि शिक्षण संपेल. तीन, काहीच बोलणार नाही. तिसरीची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. दुपारी आम्ही निघालो. चाचांनी मागच्या अकरा वर्षांचे कॅटलॉग एका जुन्या चादरीत बांधून खांद्यावर घेतले. मी घेते म्हटलं तर दिले नाहीत. माझ्या हातात फक्त यंदाचा.

मावशी अंगणात ताडपत्रीखाली चुलीपुढे भाकरी थापत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते सात दिवस मी ऐकलं नव्हतं, एका दुपारी बसून मनानं भरलं, पाखरू त्या आठवड्यातही गात नव्हतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असेल.

मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली, भाजून खाली काढली. हात पदराला पुसले. मग चादरीकडे बोट करून म्हणाली, "त्यात काय हाय?"

चाचांनी गाठ सोडली. एकेक कॅटलॉग काढून भादव्याचं पान उघडून तिच्यापुढे ठेवत गेले. ती एक नंबरच्या ओळीवर बोट ठेवून, डबे मोजायची तसं मोजत, वाचत गेली. गप्प. गप्प. नाही. गप्प. नाही. नाही. एक वर्ष झालं की पुढचं. अकरा वर्षं तिनं एकही रकाना न गाळता वाचली. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

"म्हंजी पाखराला बी ठाव न्हवतं," ती म्हणाली.

"न्हवतं, बाई. कुणालाच न्हवतं."

तिनं शेवटचा कॅटलॉग मिटून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळली. "अन् तू का गं लिहिलंस?"

मी म्हणाले, पहाटेची बॅच होती, रोज जमलं नाही, म्हणून आठवड्याचं एकदम लिहिलं.

"माझी लेक बी तसलीच व्हती," मावशी म्हणाली. "शुद्धलेखन समदं ऐतवारी बसून लिहायची. सा दिवसांचं."

त्यानंतर ती रडली. भूकंपानंतर ती पहिल्यांदाच रडली, असं तिची थोरली सून नंतर म्हणाली. चाचांनी कॅटलॉग पुन्हा बांधले आणि आम्ही घरी आलो.

ते पान चाचांनी फाडलं नाही, खोडलंही नाही. लाल शाईची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि त्या पस्तीस रकान्यांवर माझ्याच हातानं दोन शब्द लिहून घेतले. 'पाहिलं नाही.' रकाने लहान, अक्षरं मावेनात, पण त्यांनी थांबू दिलं नाही. "'न्हाई' येगळं, 'पाहिलं न्हाई' येगळं," एवढंच ते म्हणाले. खोली सोड असं ते कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन पुन्हा माझ्याच हातात दिलं.

आज मी सरकारी आरोग्य खात्यात याद्या तपासायचं काम करते. माझ्या प्रत्येक तक्त्यात 'होय' आणि 'नाही' यांच्या शेजारी 'पाहिलं नाही' असा एक रकाना असतो. नवीन आलेली मुलं त्याला हसतात, वर्षभरानं स्वतःहून भरायला लागतात. चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते होते तोवर गल्लीतल्या सगळ्या परसांत खोल्या उठल्या, त्यांच्या परसात एक वीट लागली नाही. आता तिथे मुलींचं तीन मजली वसतिगृह आहे. चाचींनी कॅटलॉग कुणाला दिले, ते मी विचारलं. त्यांना आठवलं नाही.

मावशीचा डबा त्या दुपारनंतर दोन दिवसांनी सुरू झाला. पण ती घरात येत नसे. डबे पुढच्या ओट्यावर ठेवून, हाक मारून निघून जायची. दिवाळी झाली, थंडी संपली, लोक हळूहळू छपराखाली झोपू लागले. आम्ही रोज लिहीत होतो. दहियल, गप्प. दहियल, नाही.

शिमग्याच्या आठवड्यात एका सकाळी तो अँटेनावर येऊन बसला, शेपूट ताठ केली आणि गायला लागला. आधी अडखळत, मग लांबच लांब, वळणं घेत. चाचांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, मी घड्याळ बघून वेळ लिहायला घेतली. तेवढ्यात मागच्या दारात पावलं वाजली. मावशी डब्यांची पिशवी घेऊन घरातून थेट मागे आली होती. दाराला टेकून, तो थांबेपर्यंत वर बघत उभी राहिली.

तो उडून गेल्यावर तिनं मला विचारलं, "किती वाजता सुरू केलं त्यानं?"

"सहाला सात कमी."

"तू सोता ऐकलंस?"

"हाव, मावशी."

"मग लिही," ती म्हणाली.